संघयादी, हिशेब आणि गुणपत्रक : मुलाच्या कॉलेज बेसबॉलची दोन वर्षे

ऑगस्ट २०२५मध्ये आमचा मुलगा पेनसिल्व्हेनियातल्या एका लहान खासगी कॉलेजात दाखल झाला आणि तिथल्या बेसबॉल संघात कॅचर म्हणून, म्हणजे फलंदाजाच्या मागे बसून चेंडू झेलणारा खेळाडू म्हणून, त्याची नोंद झाली. हे कॉलेज एनसीएए या अमेरिकेतल्या कॉलेज क्रीडा संघटनेच्या तिसऱ्या विभागात, म्हणजे डिव्हिजन थ्रीमध्ये खेळते. न्यू जर्सीतल्या आमच्या मराठी वर्तुळात टेनिस किंवा बुद्धिबळाच्या जोरावर कॉलेजात गेलेली मुले आहेत, पण बेसबॉलच्या वाटेने गेलेले कोणी ओळखीत नव्हते आणि त्यामुळे विचारावे कोणाला, हाच आमचा पहिला प्रश्न होता. आता इतर पालक आम्हाला विचारू लागले आहेत. दोन वर्षांत काय घडले, पैसे कुठे गेले आणि कोणते कागद वेळेवर हाताशी असायला हवेत, हे त्यांच्यासाठी क्रमाने लिहून काढत आहे.

मी स्वतः जळगावला शाळेत सॉफ्टबॉल खेळले आहे, त्यामुळे खेळ कळत होता. कळत नव्हती ती त्याभोवतीची व्यवस्था. डिव्हिजन वनच्या, म्हणजे सर्वांत वरच्या विभागाच्या, प्रशिक्षकांना बेसबॉलमध्ये खेळाडू अकरावीत जाण्यापूर्वीच्या १ ऑगस्टपर्यंत त्याच्याशी थेट संपर्क साधता येत नाही. आमच्या मुलासाठी ती तारीख १ ऑगस्ट २०२३ ही होती. त्याआधी मुलाने पाठवलेल्या ईमेलना उत्तर आले नाही म्हणून आम्ही खट्टू झालो होतो. नियमाप्रमाणे तसे उत्तर येणे शक्यच नव्हते. डिव्हिजन थ्रीत असे बंधन नाही, तिथले प्रशिक्षक लवकर बोलू शकतात. ईमेलचा विषय लिहिताना उत्तीर्ण होण्याचे वर्ष, मैदानावरील खेळण्याची जागा, उंची आणि जीपीए (गुणांची सरासरी) हे एका ओळीत लिहावे आणि व्हिडिओच्या पहिल्या दहा सेकंदांतच सर्वांत चांगले काम दिसेल अशी जुळणी करावी. कॅचरच्या बाबतीत ते काम म्हणजे दुसऱ्या बेसकडे केलेली फेक. चेंडू कॅचरच्या मिटमध्ये आपटल्याच्या आवाजापासून १२७ फुटांहून थोड्या अधिक अंतरावर उभ्या सहकाऱ्याच्या हातमोज्यात पोहोचेपर्यंतच्या वेळेला पॉप टाइम म्हणतात. दोन सेकंदांच्या आसपासचा पॉप टाइम असला की प्रशिक्षक मान वर करून पाहतात. आमचा मुलगा त्या काळात त्याहून किंचित मागे होता.

मग खर्च सुरू झाला. शाळेच्या संघाबाहेर उन्हाळ्यात खेळणाऱ्या ट्रॅव्हल संघाचे शुल्क, शनिवार-रविवारी दुसऱ्या राज्यांत हॉटेलचा मुक्काम, पेट्रोल, बीबीकॉर या मानकाने प्रमाणित बॅट (ही एक बॅट चारशे डॉलरांच्या पुढे जाते आणि वाढत्या वयात दरवर्षी बदलावी लागते) आणि कॉलेजांची शिबिरे हे सगळे मिळून दोन उन्हाळ्यांत बारा हजार डॉलरांच्या वर गेले. शिबिराच्या निमंत्रणांविषयी थोडे सविस्तर सांगते. "आमचे प्रशिक्षक तुमच्या खेळाने प्रभावित झाले आहेत" अशा अर्थाचे ईमेल आठवड्याला अनेक येत असत आणि त्यातले बहुतेक शेकडो मुलांना एकाच वेळी गेलेले असत. खऱ्या रसाचे पत्र ओळखण्याची आमची कसोटी साधी होती : त्यात मुलाच्या एखाद्या विशिष्ट सामन्याचा उल्लेख आहे का, प्रशिक्षकाने स्वतःचा फोन क्रमांक दिला आहे का आणि गुणपत्रक मागितले आहे का. तिन्हींपैकी एकही नसेल तर ते शिबिराचे विक्रीपत्र समजावे. या गाळणीनंतर जी शिबिरे उरली, तेवढीच आम्ही केली.

२०२३च्या शरद ऋतूत दक्षिणेकडच्या एका डिव्हिजन वन विद्यापीठाच्या सहायक प्रशिक्षकाचे नियमित फोन येऊ लागले आणि घरात स्कॉलरशिप हा शब्द वारंवार उच्चारला जाऊ लागला. माझे पती लेखापाल आहेत. त्यांनी एका रविवारी नियम वाचून काढले आणि जे गणित मांडले त्याने आमचे पाय जमिनीवर आले. डिव्हिजन वनच्या बेसबॉल संघाला तेव्हा एकूण ११.७ पूर्ण शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती. कोविडच्या आधी त्या जास्तीत जास्त २७ खेळाडूंत वाटायच्या आणि प्रत्येकाला किमान २५ टक्के द्यायच्या, असा नियम होता. शिवाय ही वरची मर्यादा होती. प्रत्येक विद्यापीठ तेवढा पैसा खर्च करत होते असेही नाही. अमेरिकन फुटबॉलमध्ये पूर्ण शिष्यवृत्ती ही रोजची गोष्ट आहे, बेसबॉलमध्ये ती क्वचित कोणाला मिळते. दुसऱ्या राज्यातल्या सार्वजनिक विद्यापीठाचा वर्षाचा खर्च पंचावन्न-साठ हजार डॉलर धरला तर २५ टक्क्यांची शिष्यवृत्ती म्हणजे चौदा-पंधरा हजार. खेळासाठी एक डॉलरही न देणारी डिव्हिजन थ्रीची अनेक खासगी कॉलेजे चांगल्या गुणांसाठी याहून मोठी रक्कम देतात. ही तुलना कागदावर पाहिली नसती तर आम्ही नुसत्या प्रतिष्ठेच्या मागे धावलो असतो.

या मुलाच्या पिढीला एक वेगळीच अडचण आली, ती समजून घ्यायला हवी. कोविडमुळे खेळाडूंना एक जादा वर्ष मिळाले होते. मेजर लीगचा ड्राफ्ट, म्हणजे व्यावसायिक संघांनी नवे खेळाडू निवडण्याची प्रक्रिया, २०१९पर्यंत ४० फेऱ्यांची होती, ती २०२१पासून २० फेऱ्यांची झाली आणि त्याच वर्षी मेजर लीगच्या खालचे संलग्न मायनर लीग संघही १२०वर आणले गेले. त्यामुळे पूर्वी व्यावसायिक खेळाकडे वळणारी मुले कॉलेजात राहू लागली. एप्रिल २०२४पासून अभ्यासात पात्र असलेल्या खेळाडूला कितीही वेळा संघ बदलून लगेच खेळण्याची मुभा मिळाली. या सगळ्यावर कडी म्हणजे हाउस विरुद्ध एनसीएए या, खेळाडूंच्या मोबदल्याविषयीच्या, खटल्याची तडजोड. जुलै २०२४मध्ये तिचा तपशील जाहीर झाला : शिष्यवृत्त्यांची मर्यादा जाणार आणि तिच्या जागी संघातल्या खेळाडूंच्या संख्येवर मर्यादा येणार, बेसबॉलसाठी ३४. कोविडनंतर चाळीसपर्यंत खेळाडू बाळगणाऱ्या प्रशिक्षकांना आता नावे कमी करायची होती. अशा वेळी बावीस-तेवीस वर्षांचा तयार कॅचर समोर असताना सतरा वर्षांच्या मुलासाठी जागा कोण अडवून ठेवणार? ज्यांचे फोन येत होते त्या प्रशिक्षकांनी ऑगस्टमध्ये "शिष्यवृत्तीशिवाय येऊन प्रयत्न करता येईल, पण जागेची हमी देता येणार नाही" असे सांगितले आणि नंतर फोन थांबले. मुलगा चार-पाच दिवस गप्प होता. त्यांनी निदान स्पष्ट सांगितले, याबद्दल आज मला त्यांच्याविषयी कडवटपणा वाटत नाही.

तोवर डिव्हिजन थ्रीच्या कॉलेजांशी बोलणी सुरू झालेली होतीच. या विभागात पावणेचारशेहून अधिक बेसबॉल संघ आहेत आणि त्यांच्यात जमीन-अस्मानाचे अंतर आहे. मैदान, गणवेश आणि प्रशिक्षकाचे बोलणे यांवरून कोणताही संघ पहिल्या भेटीत चांगलाच वाटतो. म्हणून आम्ही तीन गोष्टी कागदावर तपासायच्या ठरवल्या : संघयादी, पैसा आणि अभ्यास.

संघयादी प्रत्येक कॉलेजाच्या क्रीडा संकेतस्थळावर असते आणि बहुतेक ठिकाणी वर्ष निवडण्याची सोय असल्याने जुन्या याद्याही सहज सापडतात. मुलाने आणि मी मिळून एक तक्ता केला. तीन वर्षांपूर्वी पहिल्या वर्षात किती नावे होती आणि त्यांतली किती शेवटच्या वर्षात शिल्लक आहेत, एवढेच त्यात भरायचे. एका कॉलेजाच्या यादीत पन्नासच्या वर नावे होती आणि पहिल्या वर्षाचे बावीस खेळाडू होते. तीन वर्षांनंतरच्या यादीत त्या बावीसांपैकी पाच उरले होते. दुसऱ्या एका कॉलेजात अकरांपैकी नऊ टिकले होते. गळती म्हणजे लगेच दोष नव्हे. कोणी दुखापतीने सोडतो, कोणी परदेशात सत्र घालवायला जातो, कोणाला प्रयोगशाळेतले काम जास्त आवडू लागते. तरीही दरवर्षी तेच प्रमाण दिसत असेल तर प्रशिक्षकाला विचारायला संकोच करू नये. विद्यार्थिसंख्या टिकवण्याची धडपड करणाऱ्या लहान कॉलेजांमध्ये भरलेली संघयादी हा प्रवेश वाढवण्याचाही मार्ग असतो, कारण डिव्हिजन थ्रीत प्रत्येक खेळाडू शुल्क भरणारा विद्यार्थी असतो. पन्नास-साठ नावांच्या यादीत शेवटच्या पंचवीस मुलांना कनिष्ठ संघाचे खरोखरचे सामने मिळतात की ती फक्त सरावाला येतात, हा फरक फार मोठा आहे. यादीतून आणखी एक गोष्ट पाहावी : आपल्या जागेवर किती जण आहेत आणि ते कोणत्या वर्षात आहेत. मुलगा दाखल होईल तेव्हा आधीचे दोन कॅचर उत्तीर्ण होऊन गेलेले असतील, अशी कॉलेजे आम्ही वर ठेवली.

पैशाची माहिती मिळवणे वाटते तितके अवघड नाही. १९९४च्या एका संघराज्य कायद्यानुसार, ज्याला सगळे ईएडीए म्हणून ओळखतात, संघराज्य मदत घेणाऱ्या आणि आंतरकॉलेज क्रीडा कार्यक्रम चालवणाऱ्या प्रत्येक सहशिक्षण संस्थेला दरवर्षी खेळनिहाय खेळाडूंची संख्या, उत्पन्न आणि खर्च जाहीर करावा लागतो. अमेरिकेच्या शिक्षण खात्याच्या संकेतस्थळावर कॉलेजाचे नाव घालून ती आकडेवारी कोणालाही विनामूल्य पाहता येते. सुरुवातीला सर्व संघांचे उत्पन्न खर्चाइतकेच, अगदी डॉलरपर्यंत जुळलेले दिसते आणि माणूस चक्रावतो. माझ्या पतींनी उलगडा केला : कॉलेज स्वतःच्या तिजोरीतून संघाला जे देते तेही उत्पन्नात धरले जाते, म्हणून दोन्ही बाजू जुळतात. त्या रकान्याकडे दुर्लक्ष करून सामन्यांशी संबंधित खर्चाचा रकाना पाहावा. त्यात प्रवास, मुक्काम, जेवण, गणवेश, साहित्य आणि पंचांचे मानधन येते. त्या रकमेला खेळाडूंच्या संख्येने भागले की एका खेळाडूमागे कॉलेज किती खर्च करते याचा अंदाज येतो. आम्ही पाहिलेल्या कॉलेजांमध्ये हा आकडा दुपटी-तिपटीने वेगळा होता. प्रशिक्षकांचे पगार मात्र या अहवालात खेळनिहाय कळत नाहीत, पुरुषांच्या सर्व संघांची सरासरी दिलेली असते. आकडेही आदल्या शैक्षणिक वर्षाचे असतात.

या आकड्याचा उपयोग आम्हाला एका प्रश्नासाठी झाला. ईशान्येकडची डिव्हिजन थ्रीची बहुतेक कॉलेजे मार्चच्या सुट्टीत थंडी टाळण्यासाठी फ्लोरिडा किंवा साउथ कॅरोलायनात खेळायला जातात. हा दौरा हंगामाचा अविभाज्य भाग असतो, पण त्याचा खर्च कोण करते, हे कोणी आपणहून सांगत नाही. एका ठिकाणी सगळे कॉलेज देत होते. दुसऱ्या ठिकाणी विमानभाडे पालकांकडे होते. तिसऱ्या ठिकाणी प्रत्येक खेळाडूने देणग्या गोळा करून ठरावीक रक्कम आणायची होती आणि ती अपुरी पडली तर फरक घरच्यांनी भरायचा होता. चार वर्षांचा हिशेब केला तर ही रक्कम शुल्कातल्या छोट्याशा सवलतीला गिळून टाकते. बॅट, मिट आणि बूट यांपैकी संघ काय देतो, हेही त्याच बैठकीत विचारून घ्यावे.

अभ्यासाची तपासणी डिव्हिजन वनसाठी सोपी आहे, कारण तिथे एपीआर नावाचा निर्देशांक २००३-०४पासून आहे आणि एनसीएएच्या संकेतस्थळावर विद्यापीठ व खेळ निवडून तो पाहता येतो. प्रत्येक शिष्यवृत्तीधारक खेळाडूला दर सत्रात दोन गुण असतात : एक अभ्यासात पात्र राहण्याचा, एक कॉलेजात टिकून राहण्याचा. समजा २७ खेळाडू आहेत, तर दोन सत्रांचे मिळून १०८ गुण होतात. त्यांतले १०४ मिळाले तर १०४ला १०८ने भागून हजाराने गुणले की निर्देशांक ९६३ येतो. चार वर्षांची सरासरी ९३०च्या खाली गेली तर संघाला हंगामानंतरच्या स्पर्धेत, म्हणजे ओमाहाला होणाऱ्या कॉलेज वर्ल्ड सिरीजकडे जाणाऱ्या वाटेवरच, प्रवेश मिळत नाही. नापास होऊन कॉलेज सोडणारा एक खेळाडू त्या सत्राचे दोन्ही गुण घालवतो, म्हणून प्रशिक्षक हजेरीबाबत इतके काटेकोर असतात. शिष्यवृत्ती नसलेल्या मुलांचे यश-अपयश मात्र अशा संघांच्या आकड्यात बहुधा दिसत नाही, हे लक्षात ठेवावे.

डिव्हिजन थ्रीत एपीआर नाही. तिथे आम्हाला दुसरे मार्ग शोधावे लागले. अमेरिकन बेसबॉल प्रशिक्षक संघटना संपूर्ण संघाचा जीपीए ३.० किंवा त्याहून अधिक असल्यास सन्मान देते. त्या यादीत कॉलेज दरवर्षी आहे का, हे पाहिले. संपूर्ण कॉलेजाचे पदवी पूर्ण करण्याचे प्रमाण शिक्षण खात्याच्या कॉलेज नॅव्हिगेटरवर मिळते. पण सर्वांत जास्त कळले ते संघयादीतल्या खेळाडूंच्या माहितीपानांवरून, कारण तिथे प्रत्येकाचा मुख्य विषय लिहिलेला असतो. आमच्या मुलाला जीवशास्त्र शिकायचे आहे. एका संघात चाळीसहून अधिक खेळाडूंमध्ये जीवशास्त्र किंवा रसायनशास्त्राचा एकही नव्हता. प्रशिक्षक म्हणाले, "आम्ही सर्व विषयांना पाठिंबा देतो." त्याच संघातल्या तिसऱ्या वर्षाच्या मुलाने, पालक थोडे दूर गेल्यावर, मुलाला सांगितले की दुपारची प्रात्यक्षिके आणि सराव एकाच वेळी असतात आणि जुळवून घेणे फार कठीण जाते. विद्यार्थ्यांशी एकट्याने बोलू द्या, हे माझे आग्रहाचे सांगणे आहे. आई शेजारी उभी असताना कोणताही विशीतला मुलगा खरे बोलत नाही.

जुलै २०२४मध्ये तीन कॉलेजांच्या प्रशिक्षकांनी प्री-रीडसाठी कागद मागितले. प्री-रीड म्हणजे अर्ज करण्याआधीच प्रवेश कार्यालयाने गुणपत्रकावर नजर टाकून प्रशिक्षकाला अंदाज देणे. त्यासाठी अकरावीपर्यंतचे गुणपत्रक, एसएटी या प्रवेश परीक्षेचे गुण, बारावीत घेतलेल्या विषयांची यादी आणि शाळेची माहितीपत्रिका लागते. उन्हाळ्यात शाळेची कार्यालये अर्धवट उघडी असतात, म्हणून ही कागदपत्रे जून संपण्याआधी समुपदेशकांकडून मागून ठेवावीत. आम्हाला एका सहीसाठी जवळजवळ दोन आठवडे थांबावे लागले. मदतीचाही प्री-रीड मागता येतो आणि आम्ही तो मागितला. काही कॉलेजे तो देतात, काही नेट प्राइस कॅल्क्युलेटरकडे, म्हणजे मदत वजा जाता खर्चाचा अंदाज देणाऱ्या साधनाकडे, बोट दाखवतात. असा कॅल्क्युलेटर प्रत्येक कॉलेजाच्या संकेतस्थळावर असणे २०११पासून कायद्याने बंधनकारक आहे. दोन कॉलेजांकडून अनुकूल उत्तर आले, एकाने गणिताचे गुण कमी पडतील असे कळवले. अनुकूल प्री-रीड हे प्रवेशपत्र नव्हे, हे सगळेच पुन्हापुन्हा सांगतात आणि ते खरे आहे.

सप्टेंबरमध्ये मुलाने दोन्ही ठिकाणी रात्रभर राहून पाहिले आणि पेनसिल्व्हेनियातले कॉलेज निवडले. तिथल्या मुख्य प्रशिक्षकांना मी थेट विचारले, "या वर्षीच्या भरतीत तुम्ही एकूण किती मुलांशी बोलत आहात आणि त्यांत कॅचर किती?" त्यांनी वहीत पाहून उत्तर दिले : बारा मुले, दोन कॅचर. वही उघडून आकडा सांगणारा माणूस मला भावला. त्यांनी अर्ली डिसिजनने अर्ज करण्याची अपेक्षा व्यक्त केली. हा अर्ज बांधील असतो. प्रवेश मिळाला तर इतर अर्ज मागे घ्यावे लागतात. मिळालेल्या आर्थिक मदतीत शिक्षण परवडणारच नसेल तर मात्र त्यातून बाहेर पडता येते, आणि हे वाक्य करारात आहे याची खात्री करूनच माझ्या पतींनी सही केली.

ऑक्टोबर महिना सीएसएस प्रोफाइलमध्ये, म्हणजे अनेक खासगी कॉलेजे आर्थिक मदतीसाठी मागतात त्या अर्जात, गेला. हा अर्ज १ ऑक्टोबरला उघडतो, पहिल्या कॉलेजासाठी २५ डॉलर आणि पुढच्या प्रत्येकासाठी १६ डॉलर लागतात. फॅफ्सा हा संघराज्य मदतीचा अर्ज राहत्या घराची किंमत विचारत नाही, सीएसएस मात्र विचारते. आणि राहते घर सोडून असलेली इतर स्थावर मालमत्ता दोन्हीकडे दाखवावी लागते, मग ती जळगावात का असेना. आमचा तिथला फ्लॅट सासरे आणि माझे पती यांच्या संयुक्त नावावर आहे. मी फोन करून कागद मागितले तेव्हा नाना म्हणाले, "सूनबाई, तिकडच्या कॉलेजाला आपल्या फ्लॅटशी काय करायचंय?" समजावून सांगितल्यावर त्यांनी दोन दिवसांत रेडी रेकनरच्या दराने मूल्य काढून, सोबत घरपट्टीची पावती जोडून पाठवले. आम्ही निम्मा हिस्सा त्या दिवशीच्या विनिमय दराने डॉलरमध्ये दाखवला आणि विशेष माहितीच्या चौकटीत एवढेच लिहिले की हा फ्लॅट वृद्ध आईवडिलांच्या राहण्यासाठी आहे, त्यातून भाडे येत नाही. भारतातल्या मुदत ठेवीही लिहिल्या. ही माहिती दडवू नये. करविवरणात परदेशी व्याज दाखवलेले असते आणि आयडॉक या कागदपत्रे पाठवण्याच्या सेवेतून तेच विवरण कॉलेजाकडे जाते.

फॅफ्साचा अर्ज त्या वर्षी उशिरा, २१ नोव्हेंबर २०२४च्या सुमारास सर्वांसाठी खुला झाला, त्यामुळे अर्ली डिसिजनच्या मुलांची मदत कॉलेजाने आधी सीएसएसवरून ठरवली. मुलगा इथेच जन्मल्याने अमेरिकी नागरिक आहे, म्हणून तो फॅफ्सासाठी पात्र होता. एच-४ व्हिसावरच्या, म्हणजे एच-१बीवर काम करणाऱ्यांच्या, मुलांना संघराज्य मदत मिळत नाही आणि अनेक कॉलेजे त्यांना मदतीच्या बाबतीत आंतरराष्ट्रीय विद्यार्थी समजतात. अशा कुटुंबांनी प्रशिक्षकाशी पहिल्या बोलण्यातच हे सांगावे, म्हणजे वर्षभराने अपेक्षाभंग होत नाही.

अर्ज १ नोव्हेंबरला गेला आणि त्यानंतरचे सहा आठवडे घरात कोणी त्याविषयी बोलत नव्हते. डिसेंबरच्या मध्यावर संध्याकाळी निकाल आला. प्रवेश मिळाला. मदतीचे पत्र दुसऱ्या दिवशी आले आणि ते वाचायला निकालापेक्षा जास्त वेळ लागला. वर्षाचा एकूण खर्च ऐंशी हजार डॉलरांच्या पुढे, त्यातून गुणांसाठीची रक्कम, गरजेवर आधारित अनुदान, विद्यार्थी कर्ज आणि आवारातले काम अशा चार ओळी वजा केलेल्या. कर्ज आणि काम या ओळी मदतीच्या बेरजेत असल्या तरी ती सूट नव्हे. त्या वगळूनच आकडा पाहावा. तसा पाहिल्यावर उरलेली रक्कम आमच्या तयारीपेक्षा चार हजारांनी जास्त होती. आम्ही मदत कार्यालयाला आईवडिलांच्या औषधपाण्यासाठी भारतात पाठवत असलेल्या पैशांचा तपशील, बँकेच्या कागदांसह, कळवला. तीन आठवड्यांनी त्यांनी अडीच हजार वाढवून दिले. खेळाचा उल्लेख त्या पत्रव्यवहारात आम्ही केला नाही आणि करून उपयोगही नव्हता : डिव्हिजन थ्रीत मदत ठरवताना खेळ विचारात घेण्यास बंदी आहे आणि खेळाडूंना इतरांहून जास्त मदत मिळत नाही ना, हे एनसीएए कॉलेजांच्या वार्षिक आकड्यांवरून तपासते.

पात्रतेविषयी एक गोष्ट राहिली. डिव्हिजन वन किंवा टूसाठी एनसीएएच्या पात्रता केंद्रात नोंदणी करून सोळा मुख्य विषय पूर्ण असल्याचे दाखवावे लागते आणि डिव्हिजन वनसाठी त्यांतले दहा बारावी सुरू होण्याआधी झालेले असावे लागतात. डिव्हिजन थ्रीच्या स्थानिक विद्यार्थ्याला याची गरज नाही. तिथे विनामूल्य प्राथमिक खाते उघडता येते. प्रशिक्षकाने मागेपर्यंत पैसे भरू नयेत.

२०२५च्या वसंतात ६ जूनला न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी तडजोडीला अंतिम मंजुरी दिली आणि १ जुलैपासून ती स्वीकारणाऱ्या विद्यापीठांना ३४ची मर्यादा लागू झाली. मुलाच्या ट्रॅव्हल संघातल्या दोन मित्रांच्या जागा त्याआधीच गेल्या होत्या; त्यांतला एक आता दोन वर्षांच्या ज्युनिअर कॉलेजात खेळतो आहे. आमच्याकडे तेव्हा वैद्यकीय कागदांची धावपळ होती. खेळाडूची सिकल सेल स्थिती नोंदवावी लागते. खानदेशात या आजाराविषयी ऐकत वाढल्याने मला ती चाचणी ठाऊक होती, पण नव्याने रक्त द्यावे लागले नाही : मुलगा इथेच जन्मला असल्याने नवजात तपासणीचा अहवाल बालरोगतज्ज्ञांच्या नोंदीत होता. तो मे महिन्यात मागावा, ऑगस्टमध्ये सगळेच मागतात. विमा चालतो का, हे विचारताना दुखापतीच्या वेळी कॉलेजाचा विमा आपल्या विम्यानंतरच लागू होतो का, हेही लेखी घ्यावे.

सप्टेंबरमध्ये सराव सुरू झाला आणि ऑक्टोबरअखेर संघयादी लागली : बेचाळीस नावे, चार कॅचर, त्यांत आमचा मुलगा चौथा. बारा नवी मुले आणि त्यांत दोन कॅचर, हा भरतीच्या वेळी सांगितलेला आकडा खरा ठरला होता. चौथा क्रमांक खेळावरून लागला. वसंतात डिव्हिजन थ्रीचा संघ साधारण चाळीस सामने खेळतो, त्यांतले बहुतेक तो बुलपेनमध्ये, म्हणजे पिचरांच्या (गोलंदाजांच्या) सरावाच्या जागेत, त्यांचे चेंडू झेलत घालवेल असे तो स्वतःच सांगतो. प्राणिशास्त्राचे प्रात्यक्षिक त्याने मंगळवारी सकाळी घेतले आहे. फ्लोरिडाच्या दौऱ्याचा खर्च कॉलेज करते, जेवणाचे मात्र रोज पंचवीस डॉलर आपले. आणि मदत एकाच वर्षासाठी असते, त्यामुळे दुसऱ्या वर्षाचे सीएसएस आणि फॅफ्सा पुन्हा भरायचे आहेत; नानांना घरपट्टीची नवी पावती पाठवायला सांगितले आहे.